तेवीस पासपोर्ट आणि एक मधुचंद्र

२०१४ च्या फेब्रुवारीत, लग्नानंतर अकराव्या दिवशी, माझा मेहुणा गोंदियाहून श्रीलंकेला गेला. प्रवास आठ दिवसांचा होता. प्रवासी किती, हे मात्र निघण्याच्या तीन आठवडे आधीपर्यंत कोणालाही खात्रीने सांगता येत नव्हतं. हा आकडा वेगवेगळ्या वेळी दोन, पाच, अकरा आणि तेवीस असा होता, आणि या चारही आकड्यांना तो एकटा जबाबदार होता. या जिल्ह्यात बातमीदारी करताना मी पूर पाहिले, आगी पाहिल्या, निवडणुका पाहिल्या. पण येऊ शकणाऱ्या प्रत्येक संकटाची आगाऊ नोंद ठेवणारा आणि येण्याचं काहीच कारण नसलेलं संकट स्वतःच्या हाताने घडवून आणणारा माणूस मी हा एकच पाहिला.

तो माझ्या बायकोचा धाकटा भाऊ. तिरोड्याच्या वीज प्रकल्पात सुरक्षा पर्यवेक्षक आहे. तिथे कोणाला उंचावर चढायचं असेल किंवा एखादी मोटार उघडायची असेल, तर आधी कागद भरावा लागतो. काम काय, धोका काय, उपाय काय, माणसं किती. त्या कागदाला परमिट म्हणतात आणि त्यावर मेहुण्याची सही झाल्याशिवाय कोणी पाना हातात घेत नाही. बाकीचे लोक हे काम आठ तास करतात आणि घरी येतात. मेहुणा काम सोबत घेऊन येतो. आमच्या घरी आला की चपला काढायच्या आधी तो नाक वर करून गॅसचा वास घेतो, मग छताकडे पाहतो. एकदा त्याने मला बाजूला घेऊन विचारलं, "भाऊजी, या पंख्याखाली ताई बसते का?" मी म्हटलं, बसते. तो थोडा विचार करून म्हणाला, "मग यापुढे तिथं तुम्ही बसत जा." आमच्या लग्नात तो कॉलेजात होता. भंतेजी त्रिशरण देत होते तेव्हा सगळे हात जोडून बसले होते आणि हा मांडवाचा एक खांब दोन्ही हातांनी धरून उभा होता, कारण तो खांब त्याला पटला नव्हता. अल्बममधल्या प्रत्येक फोटोत आम्ही दोघं आहोत, मागे खांब आहे आणि खांबाला तो आहे. गोंदियाचे ऑटोवाले त्याला ओळखतात. बसायच्या आधी ब्रेक ऑइल कधी बदललं हे विचारणारा तो एकच गिऱ्हाईक. स्टेशनवर एका ऑटोवाल्याने माझ्यासमोर त्याला उत्तर दिलं होतं, "भैय्या, आप पैदल जाओ. उसमें ब्रेक लगता ही नहीं."

हा स्वभाव वडिलांकडून आला असावा, असं माझी बायको म्हणते. माझे सासरे रेल्वेत कीमॅन होते. रोज सकाळी हातोडा घेऊन ठरलेल्या पट्ट्यातल्या रुळांवरून चालत जायचं आणि रूळ धरून ठेवणाऱ्या, सैल झालेल्या लोखंडी चाव्या ठोकून बसवायच्या, हे त्यांनी निवृत्त होईपर्यंत केलं. पण रूळ ठीक असले की सासरे बाकी जगाबद्दल निर्धास्त असायचे. मुलाच्या वाट्याला रूळ आले नाहीत, त्यामुळे त्याला सगळंच जग सैल वाटतं.

मुली पाहायला जायचा तेव्हा तो एक ठरलेला प्रश्न विचारायचा: "घरातली गॅसची नळी कधी बदलली?" तीन घरांतून यावर नकार आला. चौथी मुलगी सालेकसा तालुक्यात एका आरोग्य उपकेंद्रात परिचारिका होती. तिने चहाचा कप त्याच्यापुढे ठेवला आणि म्हणाली, "मागच्या दिवाळीले. तुमच्या घरची कधी बदलली?" मेहुण्याला ते आठवेना. घरी येऊन त्याने आधी नळी पाहिली आणि मग वडिलांना सांगितलं की मुलगी पसंत आहे.

साक्षगंधाच्या, म्हणजे साखरपुड्याच्या, दिवशी दोघांना अंगणात दहा मिनिटं बोलायला दिलं होतं. ती काय म्हणाली ते मला मेहुण्याने नंतर शब्दशः सांगितलं, कारण त्याने ते डायरीत लिहून घेतलं होतं. ती म्हणाली, "मले दागिने नको, काही नको. लग्नानंतर आठ दिवस पाहिजे. आपण दोघंच. जिथं मले कोणी सिस्टर म्हणून उठवणार नाही आन् तुमची कोणी सही मागणार नाही." ती दोन खोल्यांच्या घरात आठ माणसांत वाढली होती. नोकरी लागल्यावर क्वार्टर मिळालं, पण उपकेंद्राच्या क्वार्टरचं दार कोणत्याही वेळी वाजतं. "आजवर मी दार आतून लावून बेफिकीर अशी झोपलीच नाही," असंही ती म्हणाली. मेहुण्याने डायरीत लिहिलं: दोन व्यक्ती, आठ दिवस, दार. आणि खाली सही केली. त्याच्या हिशेबाने हे परमिट झालं होतं. त्याने आयुष्यात दिलेलं एकही परमिट मोडलं नव्हतं.

देश निवडायला त्याला पाच आठवडे लागले. समुद्र, डोंगर आणि हिरवळ हे तिन्ही एकाच ठिकाणी असावं, वाहनं डावीकडून चालावीत आणि भात मिळावा, या त्याच्या अटी होत्या. भाताची अट गोंदियातल्या माणसाला समजावून सांगावी लागत नाही. श्रीलंका सगळ्यात बसली. मग त्याने एक जाड रजिस्टर आणलं आणि सहा मुक्काम ठरवले: कोलंबो, कँडी, नुवारा एलिया, एल्ला, मिरिस्सा आणि गॉल. प्रत्येक मुक्कामाला दोन पानं. कँडी: माकडं, ओल्या पायऱ्या. नुवारा एलिया: थंडी, जळवा. एल्लाच्या पानावर त्याने लाल शाईने लिहिलं होतं की तिथे पर्यटक रुळांवर उभे राहून फोटो काढतात, आणि पुढे तीन उद्गारचिन्हं होती. शेवटच्या रकान्याचं शीर्षक 'आनंद' असं होतं. तिथे मिरिस्सासमोर लिहिलं होतं: सायंकाळी साडेपाच ते सव्वासहा, किनाऱ्यावर चालणे, पायात बूट.

हे रजिस्टर घेऊन तो गोंदियातल्या एका ट्रॅव्हल एजंटकडे गेला तेव्हा मी सोबत होतो. एजंट गोड माणूस होता. "हनीमून पैकेज ले लो भैय्या. कमरे में फूल, केक, बिस्तर पे टॉवेल के दो हंस. सब फ्री." मेहुण्याने विचारलं, फुलं ठेवलेल्या खोलीतून आगीच्या वेळी बाहेर पडायचा दुसरा रस्ता कुठे आहे. एजंटने माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीवरचा नकाशा पाहत होतो. एजंट म्हणाला, "भैय्या, हनीमून में बाहर कौन निकलता है?"

इथपर्यंत सगळं ठीक होतं. पासपोर्टचा अर्ज भरायला मेहुण्याने जन्माचा दाखला काढला आणि सासऱ्यांनी तो पाहिला. जेवताना त्यांनी विचारलं, "पासपोर्ट कायले पाहिजे तुले?"

मेहुणा तीस वर्षांचा होता. शंभर कामगारांसमोर उभं राहून त्याने आगीवर भाषणं दिली होती. पण बापाच्या पुढ्यात बसून हनिमून हा शब्द उच्चारणं त्याला शक्य नव्हतं. आमच्याकडे अनेकांना ते शक्य नाही. तो म्हणाला, "श्रीलंकेले जाऊन राहिलो, बाबा. लग्नानंतर. आम्ही दोघं." वडील वाट पाहत राहिले. मग तो म्हणाला, "कँडीले. तिथं बुद्धाचा दंतधातू आहे."

या विधानात चुकीचं काही नव्हतं. कँडीला दंतधातूचं, म्हणजे बुद्धाच्या दाताच्या अवशेषाचं, विहार आहे आणि कँडी त्याच्या यादीत होती. सासऱ्यांनी घास ताटात ठेवला. त्यांनी हात जोडले. "लग्न झाल्यावर पयले धम्मयात्रा," ते म्हणाले. "तुझी माय असती आज, तर..." पुढे ते बोलले नाहीत. मेहुण्यानेही पुढे काही बोलायचं टाळलं, आणि तेवढी एक मिनिटाची शांतता पुढच्या चार महिन्यांना कारणीभूत झाली.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत वस्तीला कळलं. सासऱ्यांची थोरली बहीण, म्हणजे मेहुण्याची आत्या, सगळ्यांत आधी आली. तिने आयुष्यभर बिड्या वळल्या आहेत. वय सत्तरीकडे, आवाज स्टेशनच्या लाउडस्पीकरसारखा. ती म्हणाली, "बोधगया झाली माझी, सारनाथ झालं, कुशीनगर झालं. लंका राहिली. मी येऊन राहिली बाप्पा!" सासरे, आत्या आणि आत्याची मैत्रीण धरून पाच झाले. रविवारी विहारात वंदनेनंतर विषय निघाला आणि अकरा झाले. अनुराधपूरचा बोधिवृक्ष यादीत आला, मिहिंतले आलं, पोलोन्नरुवा आलं. मिरिस्सा गेलं, कारण तिथे काय आहे असं सासऱ्यांनी विचारलं तेव्हा मेहुण्याला समुद्राशिवाय काही सांगता आलं नाही. महिनाभरात तेवीस नावं झाली. ज्यांना येणं शक्य नव्हतं त्यांनी बोधिवृक्षाच्या गळून पडलेल्या पानांची मागणी नोंदवली. मेहुण्याने त्याचीही यादी केली. एजंटने नवा आकडा ऐकून पेन खाली ठेवलं. "भैय्या, ये हनीमून है कि बारात?" त्याने विचारलं. "केक कितने का बनाऊँ?"

मला वाटलं होतं की पासपोर्टवर हे सगळं थांबेल. एकवीस वयस्कर माणसं. कोणाचा जन्माचा दाखला नाही, कोणाचं नाव शाळेत एक आणि रेशन कार्डावर दुसरं. मेहुण्यालाही तीच आशा होती, हे त्याने मला नंतर कबूल केलं. पण वस्तीत कोणताही सरकारी कागद न चुकता भरणारा माणूस एकच होता. सगळे त्याच्याकडेच आले. तो प्रकल्पातून घरी यायचा आणि दारात पाच-सहा जण पिशव्या घेऊन बसलेले असायचे. तो प्रत्येकाला पाणी द्यायचा, चष्मा पुसायचा आणि अर्ज भरायचा. त्याने जिल्हा परिषदेच्या शाळांमधून जुने दाखले काढून आणले. प्रतिज्ञापत्रं करून घेतली. आत्याच्या जन्मतारखेसाठी तो दोन वेळा आमगावला गेला. माझी बायको त्याच्या शेजारी बसून दात-ओठ खात होती. "अरे, एक तारीख चुकव ना! एक पत्ता चुकव! चार अर्ज परत आले तर तुझं काय जाते?" मेहुणा वर न पाहता म्हणाला, "ताई, खाली लिहिलं आहे, वरील माहिती खरी आहे. सही त्यांची असली तरी हात माझा आहे." जानेवारीच्या पहिल्या आठवड्यापर्यंत एकवीसच्या एकवीस पासपोर्ट आले. एकही अर्ज परत आला नाही. पोस्टमनला विहारात शाल देण्यात आली.

मग त्याने दुसरा उपाय केला. वस्तीतल्या सगळ्या यात्रेकरूंना विहारात बोलावून त्याने धोक्यांचं वाचन केलं. जळवा कशा चढतात, माकडं चष्मा कसा पळवतात, हत्ती रस्त्यावर आला तर गाडीत किती वेळ बसावं लागतं, अनुराधपूरला तापलेल्या फरशीवर अनवाणी चालल्याने पायाला फोड कसे येतात. पाऊण तास तो बोलला. मी मागे बसून होतो. त्याची कॉलर भिजली होती. एकाने तरी नाव मागे घ्यावं म्हणून तो प्रत्येक धोक्यानंतर थांबत होता. शेवटी आत्या उठली आणि सगळ्यांकडे वळून म्हणाली, "पाहा बाप्पा, किती जीव लावते पोट्टा! इतकी काळजी करणारा माणूस सोबत असल्यावर आपल्याले भ्या कायचं?" टाळ्या झाल्या. त्याच सभेत तिने एक सूचना मांडली आणि ती एकमताने मंजूर झाली. यात्रेचे आठही दिवस सर्वांनी पांढरी वस्त्रं घालून अष्टशील पाळावं.

अष्टशील म्हणजे आठ नियम. पौर्णिमेला, पावसाळ्यातल्या वर्षावासात आमच्याकडे अनेक जण ते पाळतात. त्यात दुपारनंतर जेवण नाही, फुलं आणि अत्तर नाही, गाणं-बजावणं नाही, उंच मऊ गादीवर झोपणं नाही, आणि ब्रह्मचर्य आहे. त्याला धरून सासऱ्यांनी खोल्यांची विभागणी केली. बायका डावीकडच्या खोल्यांत, माणसं उजवीकडच्या. नव्या नवरीला आत्याच्या खोलीत जागा मिळाली, म्हणजे तिला एकटं वाटायला नको. मेहुणा वडील आणि त्यांच्या दोन मित्रांसोबत होता. तो रजिस्टर हातात घेऊन उभा होता. 'आनंद' या रकान्यात त्या दिवशी त्याने काय लिहिलं ते मी पाहिलं आहे. तिथे एक आडवी रेघ होती.

दोन दिवसांनी विहार समितीचं प्रसिद्धिपत्रक माझ्या टेबलावर आलं. 'गोंदियातील तेवीस उपासक-उपासिका श्रीलंका धम्मयात्रेस रवाना होणार.' खाली समितीचा शिक्का. माझ्या नोकरीत बातमी आली की ती पडताळायची असते, म्हणून मी मेहुण्याला फोन लावला. मी विचारलं, "हे बरोबर आहे का?" तो म्हणाला, "छापू नका." मग म्हणाला, "नाही, छापा. बाबांनी मोठ्या हौशीने लिहिलं आहे." मग म्हणाला, "भाऊजी, संध्याकाळपर्यंत थांबता येते का?" मी पत्रक ड्रॉवरमध्ये ठेवलं. संध्याकाळी त्याने आणखी एक दिवस मागितला. असे सहा दिवस गेले. एजंटला तिकिटांसाठी नावं द्यायला चार दिवस उरले होते. या काळात मेहुण्याचं वजन उतरलं. तो आमच्याकडे आला, बसला, चहा प्यायला आणि गेला. त्याने गॅसचा वास घेतला नाही. पंख्याकडेही पाहिलं नाही. माझी बायको त्या दिवशी पहिल्यांदा घाबरली.

नवरीला अष्टशीलाबद्दल माझ्या बायकोनेच फोनवर सांगितलं. मग ती हसली, आणि हसणं थांबल्यावर तिने मेहुण्याला फोन केला. ती रागावली नाही. त्याला म्हणाली, "तुमचे बाबा चांगले आहेत. आत्याबाई चांगल्या आहेत. मी सगळ्यांचं बीपी तपासत जाईन, गोळ्या देत जाईन, काही टेन्शन घेऊ नका. फक्त एक सांगा. मी सालेकस्याहून सुटी घेऊन कायले येऊन राहिली?" मेहुण्याने रजिस्टर उघडून पुन्हा मिटलं. ती म्हणाली, "बरं, ठेवते. पेशंट आला." दार वाजल्याचा आवाज त्याने फोनमधून ऐकला होता.

त्याच्या पुढच्या रविवारी विहारात वंदना झाली. समितीचे अध्यक्ष सूचना वाचायला उठणार, तेवढ्यात मेहुणा उभा राहिला. त्याच्या हातात कागद होता. त्याच्या प्रकल्पात काही चुकलं की घटना अहवाल लिहावा लागतो. त्याचा नमुना ठरलेला असतो. त्याला दुसऱ्या कोणत्याही पद्धतीने खरं बोलता येत नव्हतं, म्हणून त्याने तोच नमुना वापरला होता. तो वाचू लागला. "घटनेचं स्वरूप: अपुरी माहिती देणे. घटनेचं ठिकाण: घर, जेवणाची वेळ. जबाबदार व्यक्ती: मी स्वतः." विहारात कुजबूज झाली. "तपशील: मी श्रीलंकेला जे जाऊन राहिलो ते यात्रेसाठी नाही. मी माझ्या होणाऱ्या पत्नीला शब्द दिला होता. आठ दिवस, दोघंच. तिने दुसरं काही मागितलं नाही. बाबांसमोर मला ते सांगता आलं नाही. त्यामुळे एकवीस लोकांची नावं या कामात नसताना घेतली गेली. नुकसान: एकवीस लोकांची आशा, एका माणसाचा विश्वास." शेवटची ओळ त्याने वाचली ती फक्त पुढे बसलेल्यांना ऐकू आली. "उपाय: माहीत नाही."

पंखा फिरत होता. मग आत्याचा आवाज आला. "म्हंजे हे हनीमून होय?"

मेहुण्याने मान हलवली.

"अरे पोट्ट्या! मंग आमाले कायले नेऊन राहिला होतास? आमी काय तुमच्या चादरी झटकाले येणार होतो?"

बायकांच्या बाजूने पहिलं हसू फुटलं आणि मग विहार हसलं. आत्याची मैत्रीण पदर तोंडात धरून भिंतीला टेकली. "आन् मी त्या पोरीले माझ्या खोलीत झोपवून राहिली होती गा!" आत्या कपाळावर हात मारत म्हणाली. "आठ दिवस! अष्टशील देऊन!" अध्यक्षांनी शांततेचं आवाहन केलं, पण तेही हसत होते. सासरे हसले नाहीत. ते उठले, चपला घातल्या आणि घरी गेले.

पुढचे दोन दिवस ते मुलाशी बोलले नाहीत. जेवले, पेपर वाचला, संध्याकाळी रुळांच्या बाजूने फिरून आले. मेहुणा कामावरून दर तासाला माझ्या बायकोला फोन करत होता: बाबा काय करत आहेत, बाबांनी गोळी घेतली का, बाबा काही बोलले का. लग्न आठ दिवसांवर आलं होतं. तिसऱ्या दिवशी दुपारी सासरे आमच्या वार्तालयात आले. ते तिथे आधी कधीही आले नव्हते. मी खुर्ची दिली. ते म्हणाले, "जावईबापू, ते पत्रक छापलं का?"

मी ड्रॉवरमधून काढून दाखवलं.

"त्यात बदल करा. यात्रा पुढच्या थंडीत. माणसं एकवीस."

मी लिहून घेतलं. कारण काय लिहायचं, असं मी सवयीने विचारलं. ते खिडकीबाहेर पाहत राहिले. मग म्हणाले, "रेल्वेचा पास मिळे आम्हाले सालोसाल. सासूबाई तुमच्या म्हणत, एकदा आपण दोघंच जाऊ, कुठंही. मी हो म्हनो. निघाच्या दिवशी भावाले घेतो, पुतण्याले घेतो, शेजाऱ्याले घेतो. पास आहे तर एकटं कायले जाचं, असं वाटे. त्या मंग गाडीत सगळ्यांच्या जेवणाचे डबे भरत बसत. कधी बोलल्या नाहीत." त्यांनी पत्रकाची घडी सरळ केली. "पोट्ट्यानं कागद वाचला तवा मले वाटलं, हे मले कोणी तवाच वाचून दाखवलं असतं तर बरं झालं असतं." मग ते उठले आणि म्हणाले, "कारण काही लिहू नका."

मी कारण लिहिलं नाही. बातमी तीन ओळींची आली.

लग्न ठरलेल्या दिवशी झालं. मांडवाचे खांब मेहुण्याने आदल्या दिवशी स्वतः रोवले होते, त्यामुळे त्या वेळी तो शांत बसला. अकराव्या दिवशी गोंदिया स्टेशनवर निरोपाला चाळीसेक माणसं आली. आत्याने नवरीच्या हातात कँडीच्या भिक्खूंना द्यायचं वस्त्र, चिवर, दिलं आणि म्हणाली, "हे देजो, आन् मंग आमाले विसरून जाजो." नवरीने लाल साडी नेसली होती. मेहुणा दोन डब्यांच्या जोडावरची साखळी वाकून पाहत होता. सासऱ्यांनी त्याला दंडाला धरून उभं केलं आणि म्हणाले, "ते मी पाहिलं. तू बस." गाडी नागपूरकडे सुटली. तिथून विमानाने चेन्नई आणि चेन्नईहून कोलंबो असा पुढचा प्रवास होता.

आठ दिवसांत मेहुण्याचा फोन एकदा आला, पोहोचल्याचा. दिवसातून तीनदा फोन करणाऱ्या माणसाचा दुसरा फोन न आल्यामुळे काळजी करायची पाळी आमच्यावर आली. माझी बायको रोज संध्याकाळी त्याचा नंबर लावायची. तो बंद असायचा. सासऱ्यांनी तिला सांगितलं, "नको लावू. बंद आहे म्हंजे ठीक आहे." एजंटकडून नंतर कळलं त्याप्रमाणे ते कँडीला एक दिवस राहिले. चिवर तिथे दिलं. त्याचा फोटो इथल्या विहारात लावला आहे. तिथून ते थेट मिरिस्साला गेले आणि परतीच्या दिवसापर्यंत तिथेच होते. पहिल्या यादीप्रमाणे घेतलेल्या नुवारा एलिया, एल्ला आणि गॉल इथल्या खोल्या रिकाम्या राहिल्या. याचं कारण मी दोघांना वेगवेगळं विचारलं. मेहुणा म्हणाला, "तिला विचारा." ती म्हणाली, "त्यांना विचारा."

परतीची गाडी गोंदियाला पन्नास मिनिटं उशिरा आली. आम्ही चौघं घ्यायला गेलो होतो. मेहुणा उतरला, त्याचं नाक उन्हाने सोललं होतं, आणि लगेच सामानाचे नग मोजायला लागला. नवरी सासऱ्यांच्या पाया पडली. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि थोड्या संकोचाने विचारलं, "समुद्र कसा असते वं, माय? मी तर कधी पाहिला नाही."

ती प्लॅटफॉर्मवरच्या बाकावर बसली आणि शेजारी हात ठेवून त्यांना जागा दाखवली. सासरे बसले. ती बोलायला लागली. हाताने काहीतरी दाखवत होती, आडवं, लांबपर्यंत. त्याच वेळी पलीकडच्या रुळावरून कोळशाची मालगाडी जात होती, त्यामुळे मला काही ऐकू आलं नाही. मालगाडी गेल्यानंतरही ते दोघं त्या बाकावर बसून होते.